अहवाल नॉर्मल, विकर अल्पायुषी: जी-६-पीडी कमतरतेचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका गावठाणात राहणाऱ्या १९ वर्षांच्या मुलाचे आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव गाळले आहे आणि घरातील काही तपशील बदलले आहेत. मी ज्या प्रयोगशाळेत जीवरसायन विभाग पाहते, तिचा या प्रकरणाशी दोनदा संबंध आला. पहिल्या वेळी आम्ही दिलेला आकडा बरोबर होता, पण त्या आकड्याचा अर्थ चुकीचा लागेल अशा रीतीने आम्ही तो दिला. दुसऱ्या वेळी ती चूक निस्तरण्याचा प्रयत्न केला. या लेखनाचा बराचसा भाग त्या दोन वेळांच्या मधल्या दिवसांविषयी आहे.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मुलाला थंडी वाजून ताप आला. पावसाळ्यात या पट्ट्यात बांधकामांवरच्या साचलेल्या पाण्यात आणि इमारतींच्या उघड्या टाक्यांमध्ये हिवतापाचा डास वाढतो, त्यामुळे जवळच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी रक्त तपासून घेतले. त्यात प्लाझ्मोडियम व्हायव्हॅक्स हा हिवतापाचा परजीवी आढळला. त्या वेळी हिमोग्लोबिन १३.८ होते. प्रचलित पद्धतीप्रमाणे क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन १५ मिलिग्रॅम रोज एक याप्रमाणे १४ दिवस, असे औषध लिहून दिले गेले. क्लोरोक्विन रक्तातील परजीवी मारते, पण व्हायव्हॅक्सची काही रूपे यकृतात सुप्त राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. त्यांच्यावर प्रायमाक्विनच्याच गटातील औषधे चालतात, म्हणून हा दुसरा भाग टाळता येत नाही.

प्रायमाक्विन सुरू करण्यापूर्वी जी-६-पीडीची तपासणी झाली नव्हती. जी-६-पीडी हे तांबड्या पेशींचे रक्षण करणारे विकर (एन्झाइम) आहे, आणि ते कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी प्रायमाक्विनने फुटू शकतात. त्या डॉक्टरांना दोष देणे सोपे आहे. परंतु अहवालाला दोन दिवस लागतात, ताप उतरलेला रुग्ण पुन्हा फिरकेलच याची खात्री नसते आणि पावसाळ्यात दवाखान्याबाहेर रांग लागलेली असते, हेही खरे आहे. तरीही एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. पहिले तीन दिवस फक्त क्लोरोक्विन देऊन तेवढ्यात तपासणी उरकता आली असती, आणि यकृतातील सुप्त परजीवी तीन दिवसांत कुठे पळून जात नाहीत.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मुलाला लघवी गडद दिसली. दुसऱ्या दिवशी डोळे पिवळे झाले. घरच्यांनी याला कावीळ समजून शेजारच्या गावात काविळीचे औषध देणाऱ्या माणसाकडे नेले, तिथे दोन सकाळी काढा दिला गेला. या दोन्ही दिवशी प्रायमाक्विनची गोळीही चालूच राहिली, कारण डॉक्टरांनी ‘कोर्स मध्येच सोडायचा नाही’ असे बजावले होते आणि मुलगा सांगितलेले ऐकणारा होता. सातव्या दिवशी सकाळची गोळी घेऊन तो आंघोळीला गेला आणि मोरीतच चक्कर येऊन पडला. तेव्हा त्याला ठाण्यातील एका रुग्णालयात दाखल केले.

अडचण कशी उभी राहिली

रुग्णालयात हिमोग्लोबिन ६.९ निघाले. ऑगस्ट महिना, ताप, कावीळ आणि गडद लघवी या चौघांची सांगड ठाण्यात प्रथम लेप्टोस्पायरोसिसशी घातली जाते, आणि ते योग्यही आहे. त्यामुळे त्याची तपासणी झाली, हिपॅटायटिसच्या तपासण्या झाल्या, फॅल्सिपॅरम हा हिवतापाचा दुसरा परजीवी सुटला तर नाही ना हे पाहिले गेले. ही सगळी उत्तरे नकारार्थी आली. दिशा दाखवली ती लघवीच्या साध्या तपासणीने. पट्टीवर रक्ताची खूण ठळक उमटली होती, पण सूक्ष्मदर्शकाखाली एकही तांबडी पेशी नव्हती. याचा अर्थ पेशी रक्तातच फुटत होत्या आणि त्यांतील हिमोग्लोबिन लघवीवाटे बाहेर पडत होते. रक्ताच्या काचपट्टीवर कडेचा लचका तोडल्यासारख्या दिसणाऱ्या पेशी होत्या, तर क्रिस्टल व्हायोलेटने रंगवलेल्या ओल्या पट्टीवर पेशींच्या आतल्या कडेला चिकटलेले गडद ठिपके, म्हणजे हाइन्झ पिंड, स्पष्ट दिसले.

प्रायमाक्विन त्याच क्षणी बंद करण्यात आले. रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरांनी आईला विचारले की घरात आणखी कोणाला असे झाले आहे का. आई म्हणाली, “माझ्या भावाला झालं होतं. तो कारखान्यात असताना तापाच्या गोळ्या घेतल्या, आणि लघवी कोकमाच्या आगळासारखी झाली.” मुलगा जन्मला तेव्हा काविळीसाठी त्याला चार दिवस दिव्याखाली ठेवले होते, हेही तिने तेव्हाच सांगितले. आधीच्या आठ दिवसांत हे तिला कोणी विचारले नव्हते.

आठव्या दिवशी, एक बाटली रक्त चढवण्यापूर्वी, जी-६-पीडीसाठी नमुना काढून आमच्याकडे पाठवण्यात आला. रक्त चढवण्यापूर्वी काढला, ही त्या निवासी डॉक्टरांची दूरदृष्टी. नंतर काढला असता तर आम्ही रक्तदात्याचे विकर मोजत बसलो असतो.

आम्ही नमुना तपासला. विकराची क्रिया आमच्या निरोगी पुरुषांच्या मध्यांकाच्या ६८ टक्के आली, म्हणजे संदर्भ-मर्यादेच्या आत, खालच्या टोकाला. संगणकाने आकड्यापुढे कोणतीही खूण केली नाही. अहवाल सहीसह गेला, आणि ती सही माझी होती. नमुन्यासोबत आलेल्या कागदावर ‘रक्तक्षय, तपासणी चालू’ एवढेच लिहिले होते. प्रायमाक्विनचा उल्लेख नव्हता आणि कोवळ्या, म्हणजे अस्थिमज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या, तांबड्या पेशींचे प्रमाणही नव्हते.

दोन दिवसांनी रुग्णालयातील वरिष्ठ डॉक्टरांचा फोन आला. “मॅडम, तुमच्या अहवालाप्रमाणे जी-६-पीडी नॉर्मल आहे. मग हे कशाने झालं? आणि नॉर्मल असेल तर हिमोग्लोबिन वर आल्यावर मी प्रायमाक्विन पुन्हा सुरू करू का?” या प्रश्नाने प्रकरणाला वळण लागले. त्यांनी फोन न करता कागदावर विश्वास ठेवला असता, तर नियमाप्रमाणे वागूनही मुलगा पुन्हा त्याच खाटेवर आला असता.

विकराचे काम आणि विकराचे आयुष्य

इथे थोडे थांबून हे विकर म्हणजे काय आणि त्याला काय होते ते सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सर्व निर्णय त्यावर उभे आहेत.

ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज हे पेशीद्रवातील विकर ग्लुकोज-६-फॉस्फेटचे ऑक्सिडीकरण करते आणि त्या ओघात एनएडीपी या छोट्या सहायक रेणूपासून एनएडीपीएच हे त्याचे क्षपित (इलेक्ट्रॉन घेतलेले) रूप तयार करते. एनएडीपीएचच्या जोरावर ग्लुटाथायोन क्षपित अवस्थेत राहते, आणि ग्लुटाथायोन पेशीत निर्माण होणारे पेरॉक्साइड निकामी करते. इतर पेशींना एनएडीपीएच मिळवण्याचे आणखी मार्ग आहेत, कारण त्यांच्याकडे मायटोकाँड्रिया आणि इतर विकरे असतात. परिपक्व तांबड्या पेशीजवळ व्यवहारतः हा एकच मार्ग उरतो. प्रायमाक्विनपासून शरीरात तयार होणारे पदार्थ पेशीवर ऑक्सिडीकरणाचा ताण आणतात. ग्लुटाथायोनचा साठा संपला की हिमोग्लोबिनच्या साखळ्यांचीच घडी विस्कटते, त्यांचे गठ्ठे होऊन ते पटलाला चिकटतात, आणि प्लीहा ते गठ्ठे काढून घेताना पेशीचा तुकडाही तोडून घेते. काचपट्टीवरचे हाइन्झ पिंड आणि लचके तोडलेल्या पेशी यांचा अर्थ हा आहे. एका प्रथिनाची घडी टिकली नाही म्हणून दुसऱ्या प्रथिनाची घडी मोडली, असेही म्हणता येईल.

या विकराची प्रत्येक साखळी ५१५ अमिनो आम्लांची असते. एकटी साखळी निष्क्रिय असते. दोन किंवा चार साखळ्या एकत्र आल्या की विकर काम करते. प्रत्येक साखळीत एनएडीपीचा एक रेणू अभिक्रियेच्या जागी येतो-जातो, तर दुसरा रेणू त्या जागेपासून दूर, रचनेचा भाग होऊन बसलेला असतो. २००० साली मानवी विकराची स्फटिक-रचना प्रसिद्ध झाली तेव्हा ही दुसरी जागा नजरेस आली. हा दुसरा रेणू अभिक्रियेत भाग घेत नाही, तो घडी सांभाळतो. एनएडीपी कमी पडले की विकर लवकर निकामी होते, हे प्रयोगशाळेत जुने माहीत होते. त्याचे कारण रचनेने दाखवले.

अमिनो आम्लांचा क्रमच प्रथिनाची घडी ठरवतो, हे अ‍ॅनफिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएजवरील प्रयोगांतून दाखवले आणि १९७२ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना विभागून मिळाले. विद्यार्थी हे पाठ करतात, पण त्याच्याजवळचा दुसरा मुद्दा सहसा सांगितला जात नाही: घडी बसणे आणि घडी टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घडी बसलेले आणि उलगडलेले रूप यांच्यातील ऊर्जेचा फरक थोडाच असतो, मोलमागे सुमारे २० ते ६० किलोजूल, म्हणजे मोजक्या हायड्रोजन बंधांइतका. त्यामुळे एका अमिनो आम्लाच्या बदलाने विकराचे काम जवळजवळ पूर्वीसारखे राहूनही त्याचे आयुष्य घटू शकते. बहुतेक पेशींत असे विकर लवकर मोडले तरी नवे बनते. तांबडी पेशी मात्र अस्थिमज्जेतून बाहेर पडण्यापूर्वीच केंद्रक टाकून देते आणि दोन-एक दिवसांत रायबोसोमही, म्हणजे प्रथिने बनवणारी यंत्रणा, गमावते. त्यानंतर तिला १२० दिवस जगायचे असते, आणि आधी तयार करून ठेवलेल्या विकरावरच जगायचे असते. शिदोरी बांधून निघालेल्या प्रवाशासारखी तिची स्थिती असते. शिदोरी किती दिलेली आहे यापेक्षा ती किती दिवसांत विटते, यावर प्रवास ठरतो. सामान्य विकराची क्रिया तांबड्या पेशीत निम्म्यावर यायला सुमारे ६२ दिवस लागतात; आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळणाऱ्या ए-ऋण प्रकारात तेच १३ दिवसांत घडते.

याचा परिणाम चाचणीवर थेट होतो. कमतरता असलेल्या माणसाच्या कोवळ्या पेशींत विकर बऱ्यापैकी असते, जुन्या पेशींत जवळजवळ नसते. प्रायमाक्विन जुन्या पेशी फोडते. अस्थिमज्जा भराभर कोवळ्या पेशी बाहेर पाठवते. आठव्या दिवशी नळीत येतात त्या वाचलेल्या आणि नुकत्या जन्मलेल्या पेशी. १९५० च्या दशकात अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या एका तुरुंगातील स्वयंसेवक कैद्यांवर प्रायमाक्विनचे प्रयोग झाले (त्यांच्या नैतिकतेविषयी आज वेगळे लिहावे लागेल). त्यांत हेच दिसले होते: औषध चालू ठेवले तरी काही दिवसांनी पेशी फुटणे आपोआप कमी होते, कारण फुटण्याजोग्या पेशी संपलेल्या असतात. १९५६ मध्ये यामागे जी-६-पीडीची कमतरता असल्याचे प्रसिद्ध झाले. म्हणजे आमच्या अहवालातील सापळा या विकाराच्या शोधाइतकाच जुना आहे, आणि तरीही मी त्यात पाय टाकला.

विचारात घेतलेले पर्याय

फोननंतर मी आधी कोवळ्या पेशींचे प्रमाण मागवले. ते १४ टक्के होते. निरोगी माणसात ते साधारण अर्धा ते अडीच टक्के असते. पांढऱ्या पेशी १८ हजार होत्या. ही दुसरी बाब महत्त्वाची, कारण पांढऱ्या पेशींत जी-६-पीडी भरपूर असते. एरवी तांबड्या पेशींच्या संख्येपुढे त्यांचा वाटा नगण्य असतो, पण तांबड्या पेशी निम्म्यावर आल्या आणि पांढऱ्या दुपटीने वाढल्या की प्रति ग्रॅम हिमोग्लोबिन मोजलेला आकडा फुगतो. आमच्या नेहमीच्या पद्धतीत संपूर्ण रक्त वापरले जाते. पांढऱ्या पेशींचा थर काढला जात नाही.

आमच्यापुढे चार वाटा होत्या. अहवाल आहे तसा ठेवून ‘नॉर्मल’ मानायचा, ही पहिली. तिच्या बाजूने फक्त संगणकाचे मत होते. तीन महिने थांबून, जुन्या-नव्या पेशींचे प्रमाण पूर्ववत झाल्यावर तपासणी पुन्हा करायची, ही दुसरी. शास्त्राच्या दृष्टीने ही सर्वांत निर्विवाद, पण तोवर व्हायव्हॅक्स उलटण्याचा धोका अंगावर घ्यावा लागणार होता. तिसरी जनुकीय तपासणीची. जनुक पेशीच्या वयाप्रमाणे बदलत नाही आणि डीएनए पांढऱ्या पेशींतूनच मिळते, त्यामुळे तिला हा घोटाळा शिवत नाही. मात्र ती बाहेर पाठवावी लागणार होती, खर्च कुटुंबाच्या आवाक्याच्या कडेला होता, आणि ठरावीक बदलच तपासणारी चाचणी नकारार्थी आली असती तर आम्ही होतो तिथेच राहिलो असतो.

चौथी वाट शीतपेटीत होती. आठव्या दिवसाचा नमुना अजून शिल्लक होता, आणि ४ अंशांवर ठेवलेल्या रक्तात हे विकर काही दिवस चांगले टिकते. जुन्या तांबड्या पेशी पाणी गमावून किंचित जड होतात. नळी फिरवली की त्या तळाशी जातात आणि कोवळ्या वर राहतात. पांढरा थर काढून टाकून तळाचा दहावा भाग वेगळा तपासला, तर उरल्यासुरल्या वयस्क पेशींची स्थिती कळू शकत होती. अडचण अशी की ही पद्धत आमच्याकडे प्रमाणित केलेली नव्हती. प्रमाणित नसलेल्या चाचणीचा आकडा अहवालात छापणे नियमात बसत नाही, आणि तो नियम मला योग्य वाटतो.

निर्णय आणि कृती

शिल्लक नमुन्यावर आम्ही ही तपासणी केली आणि शेजारी एका निरोगी सहकाऱ्याचे रक्त त्याच रीतीने हाताळले. पांढरा थर काढल्याबरोबर मुलाचा आकडा ६८ वरून ४९ टक्क्यांवर आला. तळाच्या भागात तो १७ निघाला. सहकाऱ्याच्या रक्तात वरच्या आणि तळाच्या भागांत फरक होता, पण तळाचा भागही संदर्भ-मर्यादेच्या आसपासच राहिला. ३४० नॅनोमीटरवर एनएडीपीएचची रेषा चढताना पाहण्याची मला वर्षानुवर्षांची सवय आहे. त्या दुपारी मुलाच्या तळाच्या पेशींची रेषा जवळजवळ आडवी पडलेली पाहिली, तेव्हा आकडा छापून येण्याआधीच उत्तर कळले होते.

आकडा आम्ही छापला नाही. पहिला अहवाल मागे घेऊन त्याच क्रियेच्या आकड्यासह सुधारित अहवाल दिला आणि त्याखाली लिहिले की नमुना तीव्र रक्तविघटनाच्या काळातील असून कोवळ्या पेशींचे प्रमाण वाढलेले आहे, त्यामुळे या निकालावरून कमतरता नाकारता येत नाही. रुग्णाला कमतरता आहे असे मानून चालावे आणि तीन महिन्यांनी फेरतपासणी करावी. तळाच्या पेशींचा निष्कर्ष डॉक्टरांना फोनवर, तो कितपत भरवशाचा आहे हे सांगून, कळवला. अहवाल मागे घेणे कोणत्याही प्रयोगशाळेत सुखाचे नसते. आमच्या व्यवस्थापनाने ‘टिप्पणी जोडा, मागे कशाला घेता’ असे सुचवले. पण आधीचा कागद रुग्णाच्या फायलीत राहिला असता आणि पुढच्या डॉक्टरांनी पहिले पान पाहून दुसरे उलटले नसते, ही शक्यता मला मोठी वाटली.

रुग्णालयाने प्रायमाक्विन बंदच ठेवले. ताप उलटला तर काय करायचे हे मुलाला आणि त्याच्या आईला आधीच समजावून सांगितले: अंग मोडून आले तर वाट न पाहता रक्त तपासायचे, आणि कोणत्याही डॉक्टरांकडे गेले तरी हातातले कार्ड आधी दाखवायचे. कार्डावर प्रायमाक्विन, डॅप्सोन, नायट्रोफ्युरँटॉइन, रॅसब्युरिकेज आणि मिथिलीन ब्लू ही नावे होती, आणि कपाटातल्या डांबराच्या गोळ्या काढून टाकाव्यात ही सूचनाही होती. जनुकीय तपासणी तेव्हा न करता फेरतपासणीनंतर करायचे ठरले, म्हणजे खर्च एकदाच आणि गरज सिद्ध झाल्यावर होणार होता.

निष्पत्ती

नोव्हेंबरच्या मध्याला मुलगा फेरतपासणीसाठी आला. कोवळ्या पेशी १.१ टक्का, हिमोग्लोबिन १३.६. पांढरा थर काढून केलेल्या तपासणीत विकराची क्रिया २४ टक्के आली. आता शंकेला जागा नव्हती. जनुकीय तपासणीत डीएनएच्या ९४९ व्या स्थानी जी या अक्षराच्या जागी ए, म्हणजे साखळीतील ३१७ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन, असा बदल निघाला. अहवालात त्याचे नाव ‘केरळ-कल्याण’ असे होते. आई ते वाचून म्हणाली, “आम्ही कल्याणचे नाही हो, मॅडम.”

या नावामागची हकिकत सांगण्यासारखी आहे. ‘कल्याण’ हा प्रकार १९८४ मध्ये एका कोळी कुटुंबात आढळल्याचे प्रसिद्ध झाले, तर ‘केरळ’ हा त्याच्या आधीपासून नोंदलेला होता. त्या काळी विकराचा प्रकार ठरवण्यासाठी ते विद्युतक्षेत्रात किती वेगाने सरकते, उष्णतेला किती टिकते, कोणत्या प्रमाणातील पदार्थाशी काम करते अशा गुणांवर भिस्त असे, आणि त्या कसोट्यांवर हे दोन वेगळे वाटले. १९९२ मध्ये दोन्हींचा डीएनए वाचला गेला तेव्हा बदल एकच निघाला. ऋणभारित ग्लुटामिक आम्ल जाऊन धनभारित लायसिन आल्यावर विकराचा वेग विद्युतक्षेत्रात बदलणार हे उघड आहे. तरीही मोजमापांतील लहानसहान फरकांमुळे एका विकराला दोन नावे मिळाली. नळीतल्या विकराच्या वर्तनावरून निष्कर्ष काढताना तज्ज्ञांचीही अशी फसगत झाली होती, हे वाचून मला थोडा दिलासा मिळाला, हे कबूल करते.

नोव्हेंबर संपता संपता ताप उलटला. रक्तात पुन्हा व्हायव्हॅक्स होता. या वेळी तयारी होती. क्लोरोक्विननंतर, जी-६-पीडी कमतरतेत सुचवल्या जाणाऱ्या पद्धतीने, प्रायमाक्विन रोज न देता आठवड्यातून एकदा, किलोमागे ०.७५ मिलिग्रॅम याप्रमाणे आठ आठवडे देण्याचे ठरले. मुलाचे वजन ५८ किलो असल्याने मात्रा ४५ मिलिग्रॅम झाली. एकूण औषध रोजच्या कोर्सपेक्षा जास्तच असते, पण मधल्या सहा दिवसांत अस्थिमज्जेला भर घालायला वेळ मिळतो आणि प्रत्येक मात्रेला फक्त सर्वांत जुन्या पेशींचा थोडा हिस्सा बळी पडतो. पहिल्या मात्रेनंतर तिसऱ्या आणि सातव्या दिवशी, व पुढे दर आठवड्याला हिमोग्लोबिन पाहिले. १३.४ पासून ते दुसऱ्या मात्रेनंतर १२.१ पर्यंत उतरले आणि तिथून चढू लागले. आठही मात्रा पूर्ण झाल्या. त्यानंतरच्या पावसाळ्यात त्याला ताप आला नाही.

काय वेगळे करता आले असते

डॉक्टरांनी प्रायमाक्विनपूर्वी तपासणी करायला हवी होती, हे सर्वांना माहीत असलेले उत्तर आहे. त्याहून मला सतावणारा मुद्दा असा की तपासणी झाली असती तरी ती बहुधा रंग उडण्यावर आधारलेली साधी गुणात्मक चाचणी असती. या मुलाच्या बाबतीत, ताप येण्याच्या पहिल्याच दिवशी, तिने कमतरता दाखवली असती. त्याच्या बहिणीच्या बाबतीत दाखवली नसती.

बहीण १६ वर्षांची आहे. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. मामाला आणि भाच्याला विकार आहे म्हटल्यावर आई वाहक असणार हे उघड होते, आणि बहिणीची शक्यता निम्मी. तिची साधी चाचणी नॉर्मल आली. मोजणी केली तेव्हा ५२ टक्के आले. १९६१ मध्ये मेरी लायन यांनी मांडल्याप्रमाणे स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स गुणसूत्र कार्यरत असते. त्यामुळे तिच्या रक्तात काही पेशी पूर्ण सक्षम आणि काही भावासारख्या आहेत. ५२ टक्के क्रिया असलेली पेशी तिच्या अंगात बहुधा एकही नाही. ती फक्त सरासरी आहे. प्रायमाक्विनचा रोजचा कोर्स दिला तर तिच्या निम्म्या पेशी भावाच्या पेशींसारख्याच फुटू शकतात.

कुटुंबाशी बोलताना आमची इथे एक चूक झाली. मी बहिणीच्या अहवालाबद्दल बाहेरच्या खोलीत, आजीसमोर बोलले. आजीने पहिला प्रश्न विचारला तो लग्नाचा. “हिच्या रक्तात दोष आहे असं लिहून देऊ नका.” तिला समजावताना मी शिदोरीचे उदाहरण दिले, काही औषधे टाळली तर मुलगी इतरांसारखीच राहील हे सांगितले, आणि ते तिला पटलेही, पण ही गोष्ट आधी मुलीशी आणि आईशी स्वतंत्रपणे बोलायची होती. शेवटी कार्ड करून दिले, आणि ते कोणाला दाखवायचे हे मुलीवर सोपवले.

प्रयोगशाळेपुरते सांगायचे तर आम्ही तीन बदल केले. जी-६-पीडीच्या मागणीपत्रावर ‘गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवले का’ आणि ‘गेल्या १५ दिवसांत घेतलेली औषधे’ हे दोन रकाने भरल्याशिवाय नमुना पुढे सरकत नाही. प्रत्येक नमुन्यावर कोवळ्या पेशींचे प्रमाण आम्ही स्वतःच काढतो आणि ते वाढलेले असेल तर ‘नॉर्मल’ हा शब्द अहवालात येतच नाही. रक्तक्षय किंवा पांढऱ्या पेशींची वाढ असेल तेव्हा पांढरा थर काढूनच मोजणी होते. तळाच्या पेशींची पद्धत प्रमाणित करण्याचे काम अजून अर्धवट आहे, कारण त्यासाठी तीव्र रक्तविघटनातील आणि नंतर बरे झालेल्या त्याच रुग्णांचे जोडनमुने लागतात, आणि तीन महिन्यांनी परत येणारे रुग्ण थोडे असतात. हा मुलगा आला होता, त्याचे दोन्ही नमुने आमच्या नोंदीत पहिल्या ओळीत आहेत.